नववीला खिचडी नाही

मधली सुट्टी झाली की शाळेच्या फाटकाबाहेरची टपरी दहा मिनिटांत जो धंदा करते, तो उरलेल्या दिवसभरात करत नाही. दोरीला टांगलेल्या पुड्यांच्या माळा, पाचाच्या वेगळ्या आणि दहाच्या वेगळ्या. वर नावाजलेल्या कंपन्यांचे चिप्स, त्याखाली कधी नावही न ऐकलेल्या कारखान्यांचे लालभडक मसाल्याचे कुरकुरीत तुकडे, पुडीत एखादं प्लास्टिकचं खेळणं. काउंटरवर गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या, फ्रीज असला तर थंड पेयाच्या लहान बाटल्या. बाजूला वडापावची गाडी. पेरू, आवळे, उकडलेल्या शेंगा घेऊन बसणारी आजी अजून कुठे कुठे दिसते, पण गर्दी तिच्याकडे नसते. मुलं पुडी दातानं फोडतात, तीन-चार जणांत हात घालून संपवतात, बोटांचा मसाला चाटतात. घंटा होते तेव्हा रिकाम्या पुड्या गटारात आणि पोरं वर्गात.

कायद्यानं पाहिलं तर या माळा तिथे असायलाच नकोत. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं २०२० साली शाळकरी मुलांच्या आहाराचे नियम काढले आणि १ जुलै २०२१ पासून ते लागू झाले. चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात, वसतिगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागानं तर त्याच्याही आधी, मे २०१७ मध्ये, शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, केक आणि थंड पेयं बाद करणारा शासन निर्णय काढला होता. त्याजागी काय ठेवावं, तर पोळी, भात-भाजी, इडली, उपमा, खिचडी, लिंबू सरबत, नारळपाणी अशी यादीही दिली होती.

यादी चांगली आहे. फक्त ती लिहिताना डोळ्यांपुढे जी शाळा होती तिला उपाहारगृह होतं. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत कसलं आलंय कॅन्टीन? तिचं कॅन्टीन म्हणजे ही टपरीच. श्रीमंत शाळेच्या मुलांना आतल्या यादीचं संरक्षण मिळतं. गरीब शाळेच्या मुलांसाठी उरतात ते ५० मीटर, आणि ते मोजायला टेप घेऊन कुणी येत नाही.

बरं, आलं तरी ५० मीटर म्हणजे किती? शाळकरी पोराची शंभरेक पावलं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात अर्थतज्ज्ञांनी नववीच्या मुलांच्या शारीरिक चाचण्यांची वर्षानुवर्षांची आकडेवारी आणि फास्ट फूडच्या दुकानांचे पत्ते एकमेकांशेजारी ठेवून पाहिले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शाळेपासून एक दशांश मैलाच्या, म्हणजे सुमारे १६० मीटरच्या आत असं दुकान असेल, तर मुलांतल्या स्थूलतेचं प्रमाण ५.२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. पाव मैलावर दुकान असेल तर हा परिणाम दिसेनासा होत होता. सुट्टी संपायच्या आत जाऊन येता येईल एवढ्या अंतराचाच हा खेळ आहे. लंडननं २०२१ च्या विकास आराखड्यात शाळेपासून चालत ४०० मीटरच्या आत नव्या टेकअवे दुकानांना मज्जाव केला तो उगीच नाही. जुनी दुकानं तिथेही आहेत तशीच राहिली, पण निदान अंतर तरी पोरांच्या पायांनी मोजलं गेलं.

* * *

जाड मुलाबद्दल आपल्याकडे दोनच भाषा आहेत. घरात तो ‘खात्यापित्या घरचा’ असतो, ‘बाळसं आहे, वयात आला की उतरेल’ असं आजी सांगते. वर्गात तोच ‘ढोल्या’ होतो, ‘जाड्या’ होतो, आणि कबड्डीचे संघ पाडताना शेवटपर्यंत उभा राहतो. पालकसभेत विषय निघालाच तर आईचे लाड, मुलाची जीभ आणि हातातला मोबाईल एवढ्यावर निकाल लागतो. दोष देण्यासाठी माणूस मिळाला की आपला तपास थांबतो. ज्या इमारतीत हे मूल दिवसाचे सहा तास काढतं, तिच्याकडे कुणी बोट दाखवत नाही.

ते बोट अमेरिकेत बऱ्याच आधी दाखवलं गेलं. तिथे १९९४-९५ मध्ये सातवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांचा एक मोठा राष्ट्रीय अभ्यास सुरू झाला. पुढे त्याच मुलांचा प्रौढ वयापर्यंत पाठपुरावा केला गेला. या माहितीवर २००६ साली ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात एक निबंध आला. गोऱ्या मुलींपेक्षा कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुली कमी खेळतात, कमी हालचाल करतात, हे सर्वांना ठाऊक होतं. त्याची कारणंही तयार होती: त्यांची संस्कृती, त्यांची घरं, त्यांच्या आया. संशोधकांनी एवढंच केलं की एकाच शाळेतल्या मुलींची एकमेकींशी तुलना केली. फरक गायब झाला. एका शाळेत शिकणाऱ्या गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुली सारख्याच खेळत होत्या. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुली गरीब शाळांत जास्त संख्येनं होत्या, आणि त्या शाळांत सगळ्याच मुली कमी खेळत होत्या. मुलांच्या बाबतीत तर गंमतच झाली. एकाच शाळेत पाहिलं तर कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलगे गोऱ्यांपेक्षा जास्त हालचाल करत होते.

जे रक्तात आणि संस्कारात आहे असं मानलं जात होतं, त्यातलं बरंचसं शाळेच्या पत्त्यात निघालं.

तिथल्या शाळा गरीब होतात त्याचं यंत्र समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत शाळेच्या पैशाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. वस्ती गरीब, तर घरांची किंमत कमी, कर कमी, शाळेची तिजोरी रिकामी. मग पहिली कात्री व्यायामशिक्षकावर आणि मैदानाच्या देखभालीवर. नव्वदच्या दशकात पैशाची तंगी असलेल्या अनेक शाळांनी शीतपेयांच्या कंपन्यांशी करार केले: आवारात फक्त तुमचीच यंत्रं, बदल्यात आम्हाला धावफलक द्या, खेळाचे गणवेश द्या, थोडी रोकड द्या. खेळाचं सामान मिळवण्यासाठी मुलांना साखरेचं पाणी विकायचं! आणि शाळेच्या वाटेवर कोपऱ्यावरची दुकानं होतीच. फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीतल्या चौथी ते सहावीच्या मुलांच्या हातातल्या पिशव्या संशोधकांनी दुकानाबाहेर तपासल्या. एका खेपेला सरासरी एक डॉलर सात सेंट खर्च आणि त्यात सुमारे ३५६ कॅलरी, मुख्यत: चिप्स, गोळ्या आणि गोड पेयांच्या. आपल्या पाचाच्या आणि दहाच्या पुडीचीच ही बहीण.

याची गोळाबेरीज आज आकड्यांत दिसते. अमेरिकेत २०१७ ते २०२० या काळातल्या मोजणीत २ ते १९ वयोगटातली १९.७ टक्के मुलं स्थूल होती. सर्वांत गरीब उत्पन्नगटात हे प्रमाण २५.८ टक्के, वरच्या गटात ११.५. इंग्लंडमध्ये तर प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाला मुलांचं वजन-उंची सरकारच मोजतं. २०२२-२३ साली सर्वांत वंचित भागांत ३०.२ टक्के मुलं स्थूल निघाली, सर्वांत सुस्थित भागांत १३.१ टक्के. दहा-अकरा वर्षांचं पोर, आणि नुसत्या पत्त्यावरून त्याच्या जाडीची शक्यता दुपटीहून जास्त.

मात्र हे यंत्र उलटंही फिरवता येतं. २०१० च्या डिसेंबरात अमेरिकेनं शाळेतल्या जेवणाचे निकष बदलणारा कायदा केला. मिशेल ओबामांनी तो उचलून धरला होता. ताटात अख्ख्या धान्याचा पाव, भाज्या, फळं वाढली. मीठ कमी झालं. उष्मांकांना मर्यादा आली. मुलं भाज्या कचऱ्यात टाकतात म्हणून टीकाही खूप झाली. दहा वर्षांनी ‘हेल्थ अफेअर्स’मध्ये हिशेब आला. सगळी मुलं एकत्र धरली तर ठळक फरक नव्हता. गरीब घरांतली मुलं वेगळी काढली तर दिसलं की त्यांच्यातली स्थूलतेची शक्यता कायद्यानंतर दर वर्षी कमी होत गेली. कायदा झाला नसता तर २०१८ मध्ये या मुलांतलं प्रमाण ४७ टक्क्यांनी जास्त असतं, असा अंदाज त्यात मांडला आहे. ज्याच्या घरी डबा भरलेला असतो त्याला शाळेच्या ताटानं फारसा फरक पडत नाही. ज्याचं दिवसातलं मुख्य जेवण शाळेतलं असतं, त्याला पडतो.

* * *

इथे वाचक म्हणेल, हे तिकडचं झालं. आपल्याकडे तर गरीब शाळेतली पोरं काडीसारखी आणि इंग्रजी माध्यमाच्या बसमधून उतरणारी गुबगुबीत.

बरोबर आहे. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाची २४ टक्के मुलं वयाच्या मानानं कृश होती आणि जेमतेम ५ टक्के जादा वजनाची किंवा स्थूल. ही ५ टक्के शहरात आणि पैसेवाल्या घरांत दाटलेली आहेत. म्हणजे स्थूलतेचा आपला चढ अजून अमेरिकेच्या उलट दिशेनं, गरिबाकडून श्रीमंताकडे, आहे. पण त्याच सर्वेक्षणात रक्तही तपासलं होतं. दर दहा किशोरवयीनांत एकाची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. जाड मुलं पाच टक्के आणि साखर वाढलेली दहा टक्के. ही उरलेली मुलं कोण?

याचं उत्तर शोधायला पुण्याच्या बाहेर जायला नको. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळीकडून लहान: डोकं, दंड, पोट, उंची. एकच गोष्ट त्या मानानं फारशी कमी नव्हती, त्वचेखालची चरबी. स्नायू हरवले होते, चरबी राखलेली होती. आईच्या पोटात उपाशी राहिलेल्या पिढ्यांनी शरीराला शिकवलेली ही काटकसर.

हीच गोष्ट याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एका छायाचित्रातून सांगितली, आणि ते छायाचित्र आता जगभरच्या वैद्यकीय वर्गांत दाखवलं जातं. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे: याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजन मोजणारा आकडा, अगदी सारखा: २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. काटा दोघांना एकच माप सांगतो आणि आतला ऐवज दुपटीहून वेगळा.

आता हे चित्र शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून पाहा. जिल्हा परिषदेच्या शाळेतला, हाडं दिसणारा तेरा वर्षांचा मुलगा दहाची पुडी खातो तेव्हा आपण मनात म्हणतो, खाऊ दे बिचाऱ्याला, अंगात तरी भरेल. भरतं ते पोटाभोवती आणि यकृतात. त्याचं वजन तक्त्यात ‘कमी’च्या रकान्यात राहतं, आरोग्य तपासणीचं पथक वर्षातून एकदा येऊन तसं लिहून जातं आणि साखरेकडे कुणाचंच लक्ष जात नाही. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ च्या वाढतक्त्यात जादा वजनाची रेघ पाश्चात्य मापापेक्षा खाली आणली, प्रौढपणीच्या २५ ऐवजी २३ ला जुळेल अशी. ते शहाणपणाचं होतं. पण जे मूल रेघेच्या बरंच खाली आहे आणि तरीही आतून चरबीचं आहे, त्याच्यासाठी वजनकाट्यावर रेघच नाही.

म्हणून ‘आपल्याकडे गरीब शाळेत जाडी नाही’ हे वाक्य मला दिलासा वाटत नाही. युनिसेफनं २०२५ च्या सप्टेंबरात जाहीर केलं की ५ ते १९ वयोगटात जगभरात स्थूल मुलांचं प्रमाण (९.४ टक्के) पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांच्या प्रमाणापुढे (९.२ टक्के) गेलं. २००० साली हे आकडे ३ आणि जवळपास १३ होते. पंचवीस वर्षांत एवढी उलथापालथ होते. आपला चढ आज उलट आहे. आजच्या बालवाडीतली पोरं पालक होतील तेव्हाही तो तसाच राहील, असं समजायला काहीही आधार नाही.

* * *

मैदानाबद्दल थोडं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलं आहे. सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा, असंही आहे. प्रत्यक्षात मुंबई-ठाण्यात सोसायटीच्या तळमजल्यावर, दोन गाळे जोडून किंवा एकाच इमारतीत सकाळ-दुपार अशा दोन सत्रांत भरणाऱ्या शाळा कुणी पाहिल्या नाहीत? पीटीचा तास वेळापत्रकात असतो. सहामाही जवळ आली की तो गणिताला जातो. जिथे मैदान आहे तिथे लग्नसराईत मांडव पडतो. मुलींचं आणखी वेगळं. पाळी सुरू झाली, ओढणी आली, की खो-खोतून नाव आपोआप कमी होतं. शौचालयाला पाणी नसेल तर पीटीच्या दिवशी ती घरीच राहते. त्या अमेरिकी मुलींच्या अभ्यासात जे निघालं ते इथे तपासायला संशोधक लागत नाही. एखाद्या वर्गशिक्षिकेला विचारलं तरी पुरे.

त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत गेलेलं गरीब घरचं मूल याच्या नेमकं उलट अनुभवतं. त्याला मैदान मिळतं, प्रशिक्षक मिळतो. आणि वाढदिवसाला वर्गात वाटला जाणारा केक, कॅन्टीनमधलं सँडविचही. प्रवेशाचं पोर्टल चालतं की नाही यावर त्याचं नशीब ठरतं. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्यानं सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना या जागांतून सूट देऊन टाकली होती. जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं ती दुरुस्ती रद्द केली, म्हणून तो दरवाजा अजून उघडा आहे.

पाट्यांचं मात्र मला फारसं कौतुक नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं मे २०२५ मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, जुलैत तेलाचे. कोणत्या बाटलीत किती चमचे साखर, हे मुलांना कळावं. कळावंच. पण कॅलिफोर्नियात तिसरी ते आठवीच्या हजारो मुलांची वजनं मोजून त्याचे कागद घरी पाठवण्याचा प्रयोग झाला, तेव्हा वजनात फरक पडला नाही. आपल्या शरीराबद्दलची मुलांची नाराजी तेवढी वाढली. माहिती स्वस्त असते म्हणून सरकारांना ती आवडते. त्याच २०२५ च्या जानेवारीत केंद्राच्या आर्थिक पाहणीनं अतिप्रक्रियायुक्त पदार्थांवर जादा कराचा विचार करावा असं सुचवलं होतं. सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले तेव्हा थंड पेयांवर ४० टक्के लागले खरे, पण नमकीन १२ वरून आणि बिस्किटं, चॉकलेटं १८ वरून थेट ५ टक्क्यांवर आली. टपरीवरच्या माळा त्यानं आखूड होणार नाहीत.

* * *

राहिली शाळेतल्या सरकारी दुपारच्या जेवणाची खिचडी. तिची चेष्टा करायची पद्धत आहे, पण गरीब शाळेजवळ या दुखण्यावरचं खरं औषध तेवढंच आहे. सकाळी दहाच्या सुमाराला शाळेच्या पडवीत मोठं पातेलं चढतं. स्वयंपाकी ताई तांदूळ निवडतात, डाळ धुतात. परसबागेत शेवगा, पालक असला तर तो पडतो. सहावी ते आठवीच्या मुलामागे मोजमाप ठरलेलं आहे: १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल, एकूण ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. तांदूळ केंद्राकडून येतो. बाकी सगळ्यासाठी मे २०२५ पासून मुलामागे दिवसाला १० रुपये १७ पैसे. पहिली ते पाचवीला ६ रुपये ७८ पैसे. बाहेर दहाच्या पुडीत मूठभर तळलेले बटाटे मिळतात. आत त्याच दहा रुपयांत एक जेवण उभं करायचं आहे.

तरीही ते उभं राहतं. २०२४ मध्ये राज्यानं पाककृती वाढवल्या: मटकी-मुगाची उसळ, चवळीची खिचडी, सोयाबीन पुलाव, नाचणीचं सत्त्व. २०२३ च्या नोव्हेंबरपासून आठवड्याला एक अंडंही सुरू झालं होतं. २०२५ च्या जानेवारीत राज्यानं अंड्याचे पैसे थांबवले आणि शाळांनी लोकसहभागातून भागवावं असं सांगितलं. ज्या गावात लोकसहभाग देण्याची ऐपत आहे, तिथल्या मुलांना अंड्याची गरज त्या मानानं कमी असते, हे मंत्रालयात कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मानणं कठीण आहे. तामिळनाडू आठवड्यातून पाच दिवस अंडं देतं.

आणि मुख्य मुद्दा. ही योजना आठवीला संपते. मूल चौदा वर्षांचं होतं, उंची झपाट्यानं वाढते, भूक दुप्पट होते, मुलींच्या रक्तातलं लोह उतरतं, आणि नेमकं त्या जूनमध्ये ताट काढून घेतलं जातं. जिथे एकाच आवारात पाचवी ते दहावीचे वर्ग भरतात, तिथे आठवीपर्यंतची मुलं रांगेत बसून जेवतात आणि नववी-दहावीची फाटकाबाहेर जातात. डबा आणणारी आणतात. ज्यांची आई पहाटेच कामाला निघून जाते, त्यांच्या खिशात दहा रुपये असतात. पन्नास मीटरचा नियम, साखरेचे फलक, वजनाची तपासणी हे सगळं त्या दहा रुपयांपुढे किती टिकेल, याचा अंदाज करायला कुणी तज्ज्ञ नको.

नववी-दहावीला ताट देणं अशक्य नाही, कारण दक्षिणेतली राज्यं ते करून दाखवत आहेत. तामिळनाडूत १९८४ पासून दहावीपर्यंतच्या मुलांना दुपारचं जेवण आहे. कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेश ही राज्यंही नववी-दहावीचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून करतात. एकूण अर्थव्यवस्थेच्या आकारात महाराष्ट्र यांच्यापैकी कुणाहून लहान नाही.

तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, ग्रामपंचायतीत असाल, गावच्या शाळेचे माजी विद्यार्थी असाल, तर पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा: पीटीचा तास गेल्या महिन्यात किती वेळा झाला, फाटकासमोरच्या टपरीचं अंतर कुणी मोजलं का, आणि नववीची मुलं दुपारी काय खातात. पहिल्या दोन गोष्टी गावातच सुटतात. तिसऱ्यासाठी ठराव करून तो आमदाराच्या हातात द्यावा लागेल.